मोटारींतील नभोवाणी

ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता कापूरबावडी सोडली म्हणजे बाळकुम गांवाजवळून कशेळीच्या खाडीपुलावर चढतो. टप्पा लहान, परंतु मोटारींत बसून नभोवाणी ऐकणाऱ्यास ह्या टप्प्यांत एक अनुभव हमखास येतो. चांगलें चाललेलें गाणें एकाएकीं फडफडूं लागतें, निवेदकाच्या वाक्यांतील दोन-चार शब्द कोणीं कात्रीनें कापून न्यावेत तसे नाहींसे होतात, आणि गाडी पुलावर, मोकळ्या पाण्यावर आली कीं आवाज पुन्हां पूर्ववत् होतो. आम्ही १९९४ सालीं बाळकुमास राहावयास आलों तेव्हां येथें भातखाचरें होतीं, कोळी-आगऱ्यांचीं बसकीं घरें होतीं, आणि रेडिओ फारसा फडफडत नसे. आज त्या खाचरांच्या जागीं तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. हा दोष रेडिओचा, एरियलचा कीं गांवाचा, असा प्रश्न आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या गाडींतून आम्हांस घरीं सोडतांना विचारला. आम्ही इतिहासाचे शिक्षक. विद्युच्छास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरी त्याला उत्तर देण्याच्या निमित्तानें जें वाचावें लागलें त्यांतून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की झाली. मोटारींतील नभोवाणी सुधारली ती मुख्यतः रेडिओचा आवाज वाढवून सुधारली नाहीं. मोटारीला गप्प बसावयास शिकवून सुधारली. आणि हें शिक्षण पुरें झालें असें वाटत असतांनाच त्याची पुन्हां गरज पडूं लागली आहे.

प्रथम मोटार बोलते म्हणजे काय करते तें पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ ह्यांचें मिश्रण पेटविण्यासाठीं प्लगच्या टोकांशीं विजेची ठिणगी पाडावी लागते. बॅटरीचा दाब जुन्या गाड्यांत ६ व्होल्ट, पुढें १२ व्होल्ट. कॉइल तो कित्येक हजार व्होल्टांपर्यंत चढविते आणि डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीनें एकेका प्लगकडे धाडतो. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असलें तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. आतां वाचकांनीं हें आठवावें कीं, हर्ट्झनें १८८७ च्या सुमारास विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगशाळेंत निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच योगानें. आणि मार्कोनीनें डिसेंबर १९०१ मध्यें अटलांटिक महासागर ओलांडून खूण पोंचविल्याचें जाहीर केलें तेंहि ठिणगीच्याच प्रक्षेपकाच्या जोरावर. ठिणगीची लहर एका लांबीची नसते, ती सबंध पट्ट्यावर सांडते. ह्या दोषामुळें ठिणगीचे प्रक्षेपक पुढें उपद्रवी ठरले आणि आंतरराष्ट्रीय करारांनीं ते हळूहळू बंद पडले. मोटारींतील ठिणगी मात्र तशीच राहिली. प्लगपर्यंत जाणारी हातभर तार तिची एरियल, आणि मोटारवाला तिचा बिनपगारी चालक! अशा चिमुकल्या मार्कोनी-केंद्राशेजारीं दोन हातांवर बसून दहा कोसांवरचें गाणें ऐकूं पाहणें म्हणजे लोहाराच्या ऐरणीशेजारीं बसून सतार जुळविण्यासारखें होतें.

आमच्याकडे ह्या गोष्टीचा विचार करण्याचें कारणच फार दिवस पडलें नाहीं. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालीं प्रक्षेपणाचे प्रयोग केले; २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें उघडलें. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट, आणि आवाज नीट पोंचण्याचा टप्पा सुमारें ३० मैल. बाळकुम त्या वर्तुळाच्या आंत येई, कल्याण जवळजवळ त्याच्या कांठाशीं. घरीं ऐकणारा गच्चीवर दोन बांबू रोवून त्यांमध्यें लांब तार ताणी, दुसरी तार जमिनींत पुरी, आणि तरीहि कानाला भोंगा लावून बसे. मोटारवाल्याला ना बांबू, ना जमीन. ती कंपनी मार्च १९३० मध्यें बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि ८ जून १९३६ पासून त्या कारभारास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें.

मुंबईची कंपनी बुडाली त्याच वर्षींच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील अटलांटिक सिटी येथें रेडिओ-कारखानदारांचें अधिवेशन भरलें होतें. शिकागोचा पॉल गॅल्व्हिन हा लहान कारखानदार मंदीनें गांजलेला होता. अधिवेशनांत जागा घेण्याची त्याची ऐपत नव्हती. त्यानें आपली स्टुडिबेकर गाडी बाहेर उभी केली आणि तींत बसविलेला रेडिओ मोठ्यानें लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांस ऐकविला. मोटारींत रेडिओ बसविण्याची कल्पना त्याची नव्हे. १९२२ च्या सुमारास शेव्हरोलेट गाडीवर असा एक प्रयोग झाला होता. त्यांत एरियलच गाडीचें सारें छप्पर व्यापून बसे. गॅल्व्हिन, विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग ह्या मंडळींचें खरें श्रेय असें कीं, त्यांनीं चालत्या गाडींत ऐकूं येईल असा आणि शंभर-सव्वाशें डॉलरांत विकतां येईल असा रेडिओ बनविला. त्याचें नांव ‘मोटोरोला’. कंपनीनें पुढें तेंच नांव स्वतःस घेतलें.

ह्या पहिल्या यंत्रांत ऐकण्याचें काम सोपें आणि ऐकूं न देणाऱ्यांचा बंदोबस्त कठीण होता. प्लगच्या प्रत्येक तारेंत एक रोधक बसवावा लागे, म्हणजे ठिणगी पडे पण तिची लहर मरे. डायनॅमोवर कंडेन्सर लावावा लागे, कारण त्याच्या ब्रशांशीं अखंड बारीक ठिणग्या उडत. एंजिनावरचें झांकण सांगाड्याशीं तांब्याच्या पट्टीनें जोडावें लागे, नाहींतर तें झांकणच एरियलप्रमाणें उपद्रव बाहेर फेंकी. एवढें करूनहि कांहीं गाड्यांत खरखर राहीच, आणि ती कोठून येते तें कळेना. तिच्या उगमाची कथा आम्हांस फार मौजेची वाटली. कोरड्या हवेंत टायर रस्त्यावर घासून चाकावर स्थिर विद्युत् सांचते. तिनें सांगाड्यांत उतरावें, तर चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीसचा पातळ पापुद्रा आडवा येतो. मग ती थोड्या थोड्या वेळानें त्यावरून उडी मारते, आणि प्रत्येक उडी रेडिओंत कडकडते. ओळखण्याची युक्ति अशी : वेगांत असतांना एंजिन बंद करून गाडी घरंगळूं द्यावी. खरखर थांबली तर दोष ठिणगीचा. न थांबली आणि ब्रेकवर हलका पाय ठेवतांच थांबली तर दोष चाकाचा. उपाय म्हणून पुढच्या चाकांच्या टोप्यांखालीं एक लहानशी स्प्रिंग बसवूं लागले. ती चाकाची वीज आंसाला पोंचवी. एका रेडिओसाठीं माणसांना चाकाच्या टोपीपर्यंत शिरावें लागलें!

शिवाय दिव्यांच्या म्हणजे व्हॉल्व्हांच्या रेडिओस दोनशें व्होल्टांच्या आसपास दाब लागे. बॅटरीच्या सहा व्होल्टांतून तो काढण्यासाठीं ‘व्हायब्रेटर’ नांवाचें थरथरणारें यंत्र बसवीत. तें स्वतःच कानाशीं गुणगुणे. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, १९५५ सालीं क्रायस्लर गाड्यांत पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ मिळूं लागला, आणि ही गुणगुण इतिहासजमा झाली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें एक गोष्ट टिपून ठेवावी. मोटारीचा उपद्रव मोटारवाल्याच्याच कानाला होत होता तोंवर त्याचा उपाय ही दुकानांत विकत मिळणारी वस्तु होती. रेडिओच्या उपद्रवांसंबंधींची आंतरराष्ट्रीय समिति १९३४ सालीं पॅरिस येथें स्थापन झाली खरी. पण ब्रिटनमध्यें मोटारींच्या ठिणगीवर कायद्याचें बंधन आलें तें १९५२ च्या नियमांनीं, आणि त्याला मोठें निमित्त घरोघर आलेल्या टेलिव्हिजनचें. रस्त्यावरून मोटार गेली कीं घरांतील चित्रावर ठिपके उठत. शेजाऱ्याची तक्रार आल्यावांचून कायदा जागा होत नाहीं, हें केवळ ठिणगीपुरतेंच खरें आहे असें नाहीं. आपल्याकडे मोटारींच्या परीक्षेसाठीं पुण्यास १९६६ सालीं ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. बाहेरच्या लहरी गिळून टाकणाऱ्या भिंतींच्या दालनांत गाडी उभी करून तिचा विद्युत्-गोंगाट मोजण्याची सोय आज तेथें आहे.

आमच्या घरीं मात्र हें ज्ञान पुण्याहून आलें नाहीं. वडिलांनीं १९७९ सालीं जुनी फियाट घेतली. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झालेली. घरीं रेडिओ होता मर्फीचा. मर्फीचा कारखाना ठाण्यांतच असल्यामुळें त्याविषयीं आम्हां मुलांना गांवचा अभिमान वाटे. त्या काळीं रेडिओ ऐकण्यासाठीं पोस्टांत पैसे भरून परवाना काढावा लागे. ठिणग्यांचें प्रक्षेपण करणाऱ्या फियाटला तसा परवाना कोणी मागत नसे, हा विनोद आमच्या ध्यानांत फार पुढें आला. गाडींत रेडिओ बसविला त्या दिवशीं आम्ही सारे मिळून घोडबंदरला गेलों; गाडी थांबली असतां गाणें, आणि निघाली कीं टरटर. वेग वाढला कीं टरटरहि वाढे.

एका दुकानदारानें सल्ला दिला कीं, बूस्टर लावा. बूस्टरचे पैसे गेले आणि टरटर दुप्पट झाली. कारण बूस्टरला गाणें व गोंगाट हा भेद कळत नाहीं. शेवटीं ओळखीचे एक वृद्ध वायरमन आले. त्यांनीं रेडिओस हात लावला नाहीं. एंजिन चालूं ठेवून ते पांच मिनिटें नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘दादा, ही टक्-टक् प्लगची आहे आणि ही बारीक शीळ डायनॅमोची. पण दोघांना आंत कोण घेतंय तें बघूं.’’ मग त्यांनीं मडगार्डवरील एरियलची दांडी सोडविली. खालीं कंपनीचा रंग जसाच्या तसा! एरियलच्या तारेवर जाळीचें वेष्टण असतें. तें वेष्टण बुडाशीं मडगार्डच्या उघड्या पत्र्यास टेकलें तरच तें तारेचें रक्षण करतें. मध्यें रंग राहिला तर अर्थ मिळत नाहीं आणि वेष्टणच एंजिनाजवळचा गोंगाट उचलतें. त्यांनीं चाकूनें रुपयाएवढा रंग खरवडला, दांडी पुन्हां आवळली, डायनॅमोवर कंडेन्सर लावला आणि प्लगच्या तारा बदलल्या. मग रेडिओच्या बाजूचा एक बारीक स्क्रू, क्षीण केंद्र लावून, आवाज सर्वांत भरेल तेथें फिरवून ठेवला. मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झच्या केंद्राची तर सुमारें ५३७ मीटर. तिच्यापुढें मीटरभर दांडी म्हणजे कांहींच नव्हे. म्हणून ती दांडी व रेडिओ ह्यांचा मेळ त्या स्क्रूनें जुळवावा लागतो, हें आम्हांस आज कळतें. त्या दिवशीं एवढेंच कळलें कीं गाणें ऐकूं येत आहे. वडिलांनीं त्यांना दुप्पट मजुरी देऊं केली. त्यांनीं निम्मी परत केली आणि बूस्टर मागून घेतला.

सारा दोष मोटारीच्या माथीं मारूं नये. आपल्या देशांत वळवाच्या व परतीच्या पावसाच्या दिवसांत आकाशांतील विजा मध्यम व लघु लहरींवर जो कडकडाट करतात, तो थंड देशांत बनलेल्या रेडिओंच्या हिशेबांत नसे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रा. अय्या ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ह्या वातावरणीय गोंगाटाचीं पद्धतशीर मापनें केलीं. नभोवाणीस लागणारी शक्ति येथील आकाश पाहून ठरवावी, ही दृष्टि त्यांमागें होती.

ठिणगी आणि वीज ह्या दोघींवर एकच उपाय सुचला तो एडविन आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन संशोधकास. जुन्या पद्धतींत आवाजाचा चढउतार लहरीच्या उंचीवर उमटवितात, आणि उपद्रवहि उंचीवरच येऊन बसतो. मग घेणाऱ्या यंत्रानें गाणें कोणतें व खरखर कोणती हें ओळखावें कसें? आर्मस्ट्राँगच्या पद्धतींत, जिचीं पेटंटें त्याला १९३३ सालीं मिळालीं, उंची कायम राहते आणि कंपनसंख्या बदलते. घेणारें यंत्र लहरींचे शेंडे सारखे छाटतें, आणि शेंड्यांबरोबर बरीचशी खरखरहि छाटली जाते. हीच ती एफ्. एम्. पद्धति. तिचा स्वीकार सुखासुखीं झाला नाहीं. बलाढ्य कंपन्यांशीं खटले लढतां लढतां खचलेल्या आर्मस्ट्राँगनें ३१ जानेवारी १९५४ रोजीं न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या खिडकींतून उडी टाकून जीव दिला. त्याच्या पत्नीनें खटले पुढें चालविले, आणि ते जिंकले. शेवटचा जिंकला तो १९६७ सालीं, मोटोरोलाविरुद्ध. मोटारींत नभोवाणी आणणाऱ्या घराण्यानें तिला स्वच्छ करणाऱ्याचा हक्क सर्वांत शेवटीं मानला.

भारतांत एफ्. एम्. प्रक्षेपण १९७७ सालीं मद्रासेस सुरू झालें. मुंबईंत खाजगी एफ्. एम्. केंद्रें २००२ पासून. आणि येथेंच विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे. एफ्. एम्. लहर सुमारें ३ मीटर लांबीची. मध्यम लहर जमिनीला धरून डोंगराला वळसा घालते. ही सरळ जाते, आणि आमच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत. शिवाय उंच इमारतींवर आपटून तिचे पडसाद उठतात. सरळ आलेली लहर व पडसादाची लहर कोठें एकमेकींस मिळतात, कोठें एकमेकींस मारतात. आणि मिळण्या-मरण्याच्या जागा रस्त्यावर सुमारें दीड-दीड मीटरवर येऊं शकतात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला अशा अकरा जागा ओलांडते. तीच ती फडफड. दोष रेडिओचा नव्हे, गांवाचा आहे. महाग गाड्यांत ह्यावर दोन एरियल बसवितात. एक मेलेल्या जागेंत असली कीं यंत्र क्षणांत दुसरीकडे वळतें. छपरावरच्या माशाच्या पराएवढ्या एका एरियलला हें साधत नाहीं.

फडफडीनें गाणें बिघडतें, एवढेंच तिचें महत्त्व असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही दुपारीं महाविद्यालयांतून निघालों ते त्याच जुन्या फियाटमधून. आंत रेडिओ नवा, दोन्ही पट्ट्यांचा होता. अंधार पडतां पडतां बाळकुम नाक्याच्या अलीकडे रस्ता आणि खाडी ह्यांतला भेद संपला. गाड्या एकीमागें एक उभ्या, फोन लागेना, दिवे गेलेले. पाणी धुराड्याच्या नळीपर्यंत आलें आणि एंजिन बंद पडलें. तेव्हां आम्हांस जाणवलें कीं, चालत्या एंजिनाबरोबर इतका वेळ नुसती खसखस करणाऱ्या रेडिओंत एक माणूस बोलत आहे. क्षीण, पण स्पष्ट. लोकल गाड्या बंद आहेत, जेथें आहांत तेथेंच थांबा, अशा अर्थाचें कांहींतरी. शेजारच्या गाड्यांतील माणसें पाण्यांतून येऊन खिडकीशीं उभीं राहिलीं. दोन बायकांना व एका शाळकरी मुलाला आंत घेतलें. बॅटरी पुरावी म्हणून गाडीचे दिवे मालवून आम्ही अंधारांत ऐकत बसलों. तो मुलगा कल्याणचा. उल्हास नदीला पूर आल्याचें कळलें तेव्हांपासून तो एक शब्दहि बोलला नाहीं, पण रेडिओ बंद करूं देईना. पहाटे पाणी ओसरलें. फियाट त्यानंतर कधीं नीट चालली नाहीं.

त्या गाडीच्या वंशाचें उत्पादन २००० सालींच थांबलें होतें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली. त्याच वर्षीं अमेरिकेंत एक वाद पेटला. विजेवर चालणाऱ्या मोटारींत ठिणगी नाहीं. परंतु बॅटरीची वीज मोटरला पोंचविणारें यंत्र शेंकडों व्होल्ट सेकंदाला हजारों वेळां चालूं-बंद करतें, आणि त्याचा गोंगाट नेमका मध्यम लहरींवर येऊन पडतो. कांहीं कारखानदारांनीं गोंगाट दाबण्याचा खर्च करण्याऐवजीं रेडिओंतून मध्यम लहरींचा पट्टाच काढून टाकला. फोर्ड कंपनीनेंहि तसें ठरविलें होतें. पण वादळ-पुराच्या वेळीं सूचना ह्याच पट्ट्यावरून दूरवर पोंचतात अशी ओरड झाल्यावर मे २०२३ मध्यें तिनें तो बेत सोडला, आणि प्रत्येक गाडींत हा पट्टा असावा असें विधेयक तेथील काँग्रेसपुढें आलें. आमच्या सोसायटींतहि आतां विजेच्या गाड्या आल्या आहेत. एका शेजाऱ्यांच्या गाडींत आम्हीं मुद्दाम पाहिलें, तर पडद्यावर शेंकडों चिन्हें होतीं, मध्यम लहरींचें नव्हतें. शेजारी हंसून म्हणाले, ‘‘सर, हवामान मोबाइलवर येतं कीं!’’ त्या रात्रीं मोबाइल आमच्याहि खिशांत होता, असें आम्ही त्यांना सांगितलें; पण ते त्या सालीं पुण्यास होते.

विद्यार्थ्यास आम्हीं हें सारें कळविलें आणि बाळकुमच्या फडफडीवर त्याच्या हातीं इलाज नाहीं असेंहि लिहिलें. पंधरा दिवसांनीं तो भेटावयास आला. त्यानें छपरावरील एरियल काढून पाहिली, खालचा गंज घासला, आणि गाडींत लावलेला मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून ठेवला. चार्जर काढतांच निम्मी खरखर गेली, असें तो म्हणाला. घोडबंदरकडे आतां स्वच्छ लागतें. कशेळीच्या अलीकडे अजून फडफडतेंच.